कोणाला फॉलो करावे?

समाजमाध्यमावर नव्याने खाते उघडणाऱ्या मनुष्याने नाव, पासवर्ड आणि छायाचित्र देण्याचा सोपस्कार पार पाडला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो आपण कोणाला फॉलो करणार हा. आणि या प्रश्नाचा विचार करण्यास त्याला बहुधा अर्ध्या मिनिटाचीही उसंत मिळत नाही, कारण प्रश्नाच्या खालीच एखाद्या क्रिकेटपटूचे, दोघा-तिघा नटनट्यांचे, पाचसहा पुढाऱ्यांचे आणि तितक्याच वृत्तवाहिन्यांचे नाव मांडून ठेवलेले असते व प्रत्येकापुढे एक टपोरे बटण असते. बोट पडते, नावे रुजू होतात, आणि पुढे महिनोन्महिने त्या मनुष्याच्या डोळ्यांपुढून काय जावे व काय जाऊ नये याचा निकाल तेवढ्यात लागून गेलेला असतो. ही निवड कंपनीने पुढे केलेल्या यादीवर सोपवू नये, ती सावकाश, वाचून आणि पारखून करावी, आणि ती करताना माणसाच्या प्रसिद्धीपेक्षा त्याला स्वतःला प्रत्यक्ष काय ठाऊक आहे व चूक झाल्यास तो ती दुरुस्त करतो की नाही हे पाहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि सकाळी वृत्तपत्राच्या आधी मोबाइल हाती घेण्याचा प्रघात ज्या काळात घरोघरी पडला आहे, त्या काळात हा केवळ फावल्या वेळच्या करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही.

कंपन्यांना इतकी घाई का असते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. फेसबुकच्या सभासदसंख्येची वाढ करण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या चमथ पालिहपितिया यांनी पुढे जाहीर व्याख्यानात असे सांगितले आहे की, नव्या सभासदाला दहा दिवसांच्या आत सात मित्र मिळवून देणे या एकाच गोष्टीवर त्यांच्या विभागाने आपले सारे लक्ष केंद्रित केले होते; कारण ज्याला एवढी माणसे लवकर सापडतात तो टिकतो आणि ज्याला सापडत नाहीत तो निघून जातो, असा त्यांचा अनुभव होता. व्यापाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. दुकानात पाऊल टाकलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये असे कोणत्याही व्यापाऱ्यास वाटणारच. परंतु ते सात जण कोण आहेत, विद्वान आहेत की वाचाळ, सत्यवक्ते आहेत की अफवा पिकवणारे, ही गोष्ट कंपनीच्या हिशेबात गौण असते. आणि नवख्या सभासदाच्या दृष्टीने नेमकी तीच गोष्ट मुख्य असते. दोघांचे हित येथे एक नाही, आणि ते एक नाही हे ज्याने ओळखले त्याला घाई करण्याचे काहीही कारण उरत नाही.

यादीने किती सत्ता हाती येते याचा एक बोलका दाखला ट्विटरच्या इतिहासात नमूद आहे. २००९ च्या आरंभी त्या कंपनीने नव्या सभासदांना दाखवण्यासाठी शिफारस केलेल्या काही शेकडा खात्यांची एक फेरिस्त तयार केली. ती कंपनीच्या माणसांनी निवडलेली होती, आणि तिच्यात कोणाचे नाव का घातले व कोणाचे का वगळले याची कैफियत कोणापुढे मांडण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. ज्यांची नावे तीत पडली त्यांचे अनुयायी पाहता पाहता लाखांनी वाढले, आणि त्या वाढीचा त्यांच्या लेखनाच्या गुणवत्तेशी काही संबंध होताच असे नाही. हे स्थान किती मोलाचे मानले गेले याची कल्पना एवढ्यावरून यावी की, जेसन कॅलकॅनिस या अमेरिकन उद्योजकाने त्या यादीत दोन वर्षे आपले नाव राहावे म्हणून अडीच लाख डॉलर देऊ केले होते. इंटरनेटवरील लेखनाच्या क्षेत्रातले जुने जाणते डेव्ह वायनर यांनी त्याच वेळी या पद्धतीस उघड हरकत घेतली. वृत्तपत्रेच जर अशा कृपेची लाभार्थी झाली तर ती कृपा करणाऱ्या कंपनीविषयी निःस्पृहपणे कसे लिहितील, हा त्यांचा आक्षेप आजही विचार करण्याजोगा आहे. २०१० च्या जानेवारीत ती यादी मोडून विषयवार शिफारशी आल्या आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात यंत्राने काढलेल्या व्यक्तिगत शिफारशींची सेवा सुरू झाली.

यंत्र आल्याने पक्षपात गेला असे अनेकांस वाटले, व ते अंशतः खरेही होते. परंतु या यंत्राची चाल कशी आहे हे त्याच्या कर्त्यांनीच २०१३ साली एका शोधनिबंधात खुलेपणाने मांडले आहे, आणि नवख्या माणसाने त्यातला मथितार्थ अवश्य समजून घ्यावा. यंत्र प्रथम आपल्यापासून निघते, आपण ज्यांना फॉलो केले आहे त्यांच्याकडे जाते, तेथून ते ज्यांना फॉलो करतात त्यांच्याकडे, आणि अशा असंख्य यदृच्छ फेऱ्यांत ज्यांच्याकडे ते पुनःपुन्हा पोहोचते अशा सुमारे पाचशे खात्यांचे एक विश्वासमंडळ आपल्या नावावर नोंदवून ठेवते. नंतर या मंडळातील लोक कोणाकोणाला मानतात ते पाहून, त्यांतील वजनदार नावे ते आपल्यापुढे शिफारस म्हणून आणते. म्हणजे ‘यांना फॉलो करा’ ही जी सूचना आपल्याला मिळते ती आपल्याच पहिल्या निवडींच्या मसलतीतून निघालेली असते. पहिली वीस नावे जर पाककृतींची असतील तर एकविसावे नाव आचाऱ्याचे येईल, आणि पहिली वीस नावे जर रोज कोणाच्या तरी नावाने खडे फोडणाऱ्यांची असतील तर एकविसावा मनुष्यही हातात दगड घेऊनच उभा असेल. पुढे अल्गोरिदम कितीही बदलले तरी मागील वर्तनावरून पुढील शिफारस काढण्याचे तत्त्व बदललेले नाही. उलट आता आपण काय फॉलो केले याबरोबरच कोणत्या पोस्टवर किती वेळ थांबलो याचीही दखल घेतली जाते. त्यातच आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिलेला जाळ्यांचा नियम येऊन मिळतो. तो असा की, नवा येणारा दुवा ज्याच्याकडे आधीच पुष्कळ दुवे आहेत त्याच्याकडेच जाण्याचा संभव अधिक असतो. ज्याच्यापाशी अनुयायी आहेत त्याला आणखी मिळतात, आणि यात त्याच्या योग्यतेची तपासणी कोठेही होत नाही. अनुयायांची संख्या पाहून योग्यता ठरवणारा वाचक म्हणूनच बहुतांशी त्या मनुष्याच्या खात्याचे वय आणि यादीतील भाग्य मोजत असतो.

या साऱ्या व्यवहारात निवडीचे खरे ओझे वाचकावर टाकणारे एक माध्यम सुदैवाने अस्तित्वात आहे, आणि नवख्याने काय करावे याचा विचार त्याच्या आधारे केला तर तो स्वच्छ होतो. जर्मनीतील ऑयगेन रॉख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे ते माध्यम. एका कंपनीच्या मालकीचे एक मोठे ठाणे असा त्याचा घाट नाही. निरनिराळ्या व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवतात आणि ते सर्व्हर एका समान संकेताने परस्परांशी बोलतात. तेथील मुख्य टाइमलाइनीत आपण ज्यांना फॉलो केले त्यांचे लेखन आणि त्यांनी बूस्ट केलेले, म्हणजे पुढे पाठवलेले, इतरांचे लेखन एवढेच, काळाच्या क्रमाने, नवे वर व जुने खाली, असे दिसते; आपल्या संमतीवाचून तेथे परक्याचा मजकूर शिरत नाही. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटरचा ताबा घेतल्यावर जी पांगापांग झाली तीत मॅस्टोडॉनच्या दरमहा सक्रिय असणाऱ्या सभासदांची संख्या एका महिन्यात सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांपर्यंत गेली. त्याच्याही आधी, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातूनही एक मोठा जथा तिकडे गेला होता. या दोन्ही वेळी पुष्कळ जणांचा मुक्काम अल्पकाळच टिकला, आणि परत येणाऱ्यांच्या तोंडी ‘तिथे कोणीच नाही’ अशी तक्रार होती. माणसे तेथे होती. परंतु या मंडळींनी शोध घेतला तो जुन्या ठिकाणच्या प्रसिद्ध नावांचा, आणि ती नावे नसलेली पाहून जागाच ओसाड आहे असा निष्कर्ष काढला. जे टिकले त्यांनी, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, वेगळा मार्ग धरला: त्यांनी माणसांऐवजी विषय शोधले, त्या विषयांवर कोण कोणाशी कसे बोलतो हे पाहिले, आणि मग एकेक माणूस निवडला.

नव्या गावी बदली होऊन आलेला शहाणा अव्वल कारकून पहिले काही दिवस चावडीवर नुसता बसून ऐकतो, कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द प्रमाण मानला जातो हे ध्यानात घेतो आणि मगच कोणाशी घरोबा करावा ते ठरवतो. नवख्या सभासदाने पहिला आठवडा असाच घालवावा. मॅस्टोडॉनवर २०२२ च्या नोव्हेंबरपासून हॅशटॅगच फॉलो करण्याची सोय झाली आहे, म्हणजे कोणाही व्यक्तीला न जोडता ‘पक्षिनिरीक्षण’ किंवा ‘मराठी’ अशा विषयाचा मजकूर काही दिवस आपल्याकडे येऊ देता येतो. इतर माध्यमांवर निदान शोधपेटी तरी असतेच. या मजकुरातून एखादे नाव दोनतीनदा नजरेत भरले की त्याच्या प्रोफाइलवर जावे, आणि येथेच बहुतेक वाचक चुकीच्या जागी पाहतात. बायोत लिहिलेल्या बिरुदावल्या, अनुयायांचा आकडा आणि नावापुढील निळी खूण यांवरून काहीच कळत नाही. ट्विटरवर तर २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या पडताळणीच्या खुणा काढून टाकल्या गेल्या आणि ती खूण मुख्यतः वर्गणी भरणाऱ्यास मिळू लागली. पाहावयाचे ते त्याने इतरांना दिलेल्या उत्तरांचे पान. स्वतःची पोस्ट मनुष्य विचारपूर्वक, नटवून लिहितो. उत्तर देताना तो जसा असतो तसा दिसतो. अनोळखी माणसाने भाबडा प्रश्न विचारला असता तो तुच्छतेने झिडकारतो की दोन ओळींत समजावतो? कोणी चूक दाखवून दिली तर मान्य करतो, की प्रश्न विचारणाऱ्याची जात, पक्ष आणि हेतू काढतो? आकडा देताना तो कोठून घेतला हे सांगतो काय? त्याच्या पन्नास पोस्टपैकी त्याने स्वतः लिहिलेल्या किती आणि दुसऱ्यांच्या पुढे ढकललेल्या किती? दिवसाला चाळीस गोष्टी पुढे ढकलणाऱ्या मनुष्याने त्या साऱ्या वाचून खातरजमा केली असणे शक्य नाही, आणि ज्याने स्वतः खातरजमा केली नाही त्याच्या शिफारशीवर आपण आपला वेळ का खर्चावा? ही तपासणी करण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत नापास होणाऱ्यांची संख्या पाहून नवखा वाचक प्रथम खिन्न होईल, परंतु जे उत्तीर्ण होतील ते बहुधा वर्षानुवर्षे सोबत करतील.

प्रत्यक्ष ज्ञान असलेला मनुष्य आणि नुसता मोठ्याने बोलणारा मनुष्य यांतला भेद कसा दिसतो, ते पावसाच्या उदाहरणावरून पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद पाऊणशे मिलिमीटरच्या आतबाहेर होती. एकाच शहरात, पंचवीस-तीस किलोमीटरच्या अंतरात, इतकी तफावत! त्या दिवशी ट्विटर नव्हते, ते २००६ साली आले. परंतु आज तसा दिवस उगवला तर ‘मुंबईत पावसाचा हाहाकार’ असे ओरडणाऱ्या शंभर खात्यांपासून अंधेरीच्या प्रवाशास काहीही कळणार नाही, आणि ‘कुलाब्याला इतका, सांताक्रूझला इतका, गेल्या तीन तासांत इतका’ असे लिहिणाऱ्या एका खात्यापासून घराबाहेर पडावे की नाही याचा निर्णय करता येईल. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार असे पावसाचे वर्ग ठरलेले आहेत. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, असा रंगांचा अर्थही ठरलेला आहे. या विभागात मुंबईस व नंतर पुण्यास काम केलेले शास्त्रज्ञ कृष्णानंद होसाळीकर यांनी पावसाळ्यात नोंदी, रडारची चित्रे आणि इशारे सामान्य वाचकास समजतील अशा शब्दांत ट्विटरवर मांडण्याचा जो शिरस्ता पाडला, त्यामुळे हजारो लोकांना अफवा आणि अंदाज यांतला फरक कळू लागला. हवामानाच्या बाबतीत असे एक खाते आणि विभागाचे अधिकृत खाते एवढी दोन फॉलो केली तर उरलेली अठ्ठ्याण्णव न केल्याने काडीचेही नुकसान होत नाही. जे पावसाचे तेच कांद्याच्या भावाचे, तेच आरोग्याचे, तेच न्यायालयाच्या निकालांचे. जो जागेवर आहे, ज्याच्या हाती मूळ कागद आहे, ज्याचा तो रोजचा व्यवसाय आहे, त्याला शोधावे. तो बहुधा कमी बोलतो आणि त्याला अनुयायीही थोडे असतात.

येथे एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. आपल्याला पटेल अशाच माणसांची निवड आपण करणार असू तर आपण स्वहस्ते एक कोंडवाडा बांधत नाही काय? याचे उत्तर आपल्याच वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात सापडते. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक आणि आगरकर एकत्र होते. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मार्ग भिन्न झाले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्या दशकातील पुण्याचा विचार काय होता हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्यास त्यांतील एकच पत्र वाचून चालणार नाही; आणि हे दोन्ही पक्ष वाचण्याजोगे होते ते एवढ्याचसाठी की दोन्ही बाजूंस आपले म्हणणे युक्तिवादाने मांडणारे संपादक होते. विरुद्ध मताचा मनुष्य फॉलो करावयाचा तो असा. ज्याचे प्रतिपादन वाचल्यावर आपले मत एकदा तरी पुन्हा तपासून पाहावेसे वाटते, असे दोनतीन प्रतिपक्षी प्रत्येकाने आपल्या यादीत अवश्य ठेवावेत. परंतु विरुद्ध मत ऐकले पाहिजे या उदात्त कारणाखाली शिवीगाळ करणाऱ्यांची फौज टाइमलाइनीत भरणे हा निराळा व्यवहार आहे. त्याने सहिष्णुता वाढत नाही, फक्त रक्तदाब वाढतो, आणि अशा खात्यांना आपण संतापाने दिलेले प्रत्येक उत्तर यंत्राच्या दृष्टीने त्यांच्या लोकप्रियतेची नोंद ठरते. राजकीय पक्षांच्या अधिकृत खात्यांविषयीही माझे मत कठोर आहे: ती जाहिरातीसाठी चालवली जातात, तेथे प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि त्यांच्या निवेदनातील जे महत्त्वाचे असते ते दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मिळतेच.

आता संख्येचा प्रश्न. इन्स्टाग्राम ७५०० खाती फॉलो करू देते, फेसबुकवर ५००० मित्र जोडता येतात. परंतु या मर्यादा यंत्राच्या आहेत, मनुष्याच्या नव्हेत. साधा हिशेब मांडून पाहावा. चारशे खाती फॉलो केली आणि प्रत्येकाने दिवसाला सरासरी पाच पोस्ट लिहिल्या तर दोन हजार पोस्ट झाल्या. प्रत्येकीस दहा सेकंद दिले तरी साडेपाच तास लागतात. इतका वेळ कोणापाशीच नाही, म्हणून त्या दोन हजारांतून शंभर निवडून दाखवण्याचे काम आपण अल्गोरिदमकडे देतो, आणि मग तो आपल्याला नको ते दाखवतो म्हणून त्यालाच दोष देतो. साठ खाती असतील तर तीनशे पोस्ट होतात आणि पन्नास मिनिटांत त्या सर्व, कोणाच्याही मध्यस्थीवाचून, वाचून होतात. म्हणून प्रारंभी तीस, फार तर साठ, एवढ्यावर थांबावे. नवे नाव घालावयाचे तर जुने एखादे काढता येते काय ते पाहावे. आपल्याकडे या काढून टाकण्याचा मात्र मोठा संकोच असतो. चुलतभाऊ, माजी साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलीच्या सासरची मंडळी, यांना फॉलो केले नाही तर राग येईल आणि अनफॉलो केले तर वैरच येईल, अशा धास्तीने लोक वर्षानुवर्षे नको तो मजकूर सोसत राहतात. या भिडस्तपणाची तजवीज माध्यमांनीच करून ठेवली आहे: म्यूट केल्याने नाते कायम राहते आणि मजकूर दिसत नाही, व ज्याला म्यूट केले त्यास ते कळतही नाही; मॅस्टोडॉनवर एखाद्याचे स्वतःचे लेखन ठेवून त्याने बूस्ट केलेले तेवढे बंद करता येते. त्याचप्रमाणे, कोणी आपल्याला फॉलो केले म्हणून आपण त्याला उलट फॉलो केलेच पाहिजे हा अहेर-परतीचा नियमही येथे लागू नाही. वाचन हे देणेघेणे नव्हे, आणि जो आपल्या लेखनासाठी आपल्याकडे आला त्याचे समाधान त्या लेखनाने व्हावयास हवे.

मराठी वाचकापुढे याहून वेगळी अशी एक अडचण आहे. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांची संख्या प्रचंड, शिफारशीचे यंत्र संख्येच्या मागे जाणारे. त्यामुळे ज्याने पहिल्या दिवशी मराठी माणसे मुद्दाम शोधून घेतली नाहीत त्याच्या टाइमलाइनीत पुढे मराठी आपोआप येत नाही, आणि मग मराठीत वाचण्यासारखे काही नाहीच, अशी त्याची समजूत होऊन बसते. वस्तुतः किल्ल्यांचा भूगोल जाणणारे, मोडी कागद वाचणारे, विदर्भातल्या कापसाची नोंद ठेवणारे, विज्ञानाचे शिक्षक, ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टर असे पुष्कळ लोक मराठीतून उत्तम लिहितात. त्यांतील अनेकांचे वाचक शंभर-दोनशेच असतात, आणि चार महिने कोणी काही बोलले नाही की ते लिहिणे सोडून देतात. अशा लेखकाला फॉलो करणे आणि त्याला अधूनमधून एखादा नेमका प्रश्न विचारणे ही नवख्या वाचकाच्या हातची फार मोठी गोष्ट आहे. क्रिकेटपटूला कोट्यवधींत आणखी एक अनुयायी मिळाल्याने काही होत नाही. येथे एका वाचकाने फरक पडतो. आणि जमवलेली यादी जपून ठेवावी. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून चालणारे ‘कू’ हे माध्यम २०२० मध्ये मोठ्या गाजावाजाने आले आणि जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा तेथे जोडलेली माणसे पुन्हा गाठण्याचे साधन ज्यांनी आगाऊ करून ठेवले नव्हते त्यांचे ते सर्व संबंध संपले. मॅस्टोडॉनवर फॉलो केलेल्यांची यादी फाइल म्हणून उतरवून दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येते. इतरत्र ती वहीत लिहून ठेवली तरी पुरे.

कंपनीच्या यादीविषयी इतके प्रतिकूल लिहिल्यावर हेही सांगितले पाहिजे की माणसाने माणसासाठी केलेल्या शिफारशीला माझा विरोध नाही. जानेवारी २००९ मध्ये मायका बाल्डविन यांनी ट्विटरवर ‘फॉलो फ्रायडे’ हा प्रघात पाडला तेव्हा दर शुक्रवारी लोक आपल्या वाचनातील चांगली नावे इतरांस सुचवीत. पुढे केवळ नावांच्या रांगा लागू लागल्या आणि कारण गळून पडले, तशी त्या प्रघाताची किंमत उतरली. जून २०२४ मध्ये ब्लूस्काय या समाजमाध्यमाने ‘स्टार्टर पॅक’ आणले. कोणाही सभासदाला दीडशेपर्यंत नावांचा संच करून नवख्यांना देता येतो. ती कल्पना चांगली आहे, कारण संच करणारा मनुष्य कोण हे दिसते आणि विषय सांगितलेला असतो; परंतु तेथेही ‘सर्वांना फॉलो करा’ हे बटण आहेच, आणि ते दाबणारा नवखा पुन्हा त्याच अर्ध्या मिनिटाच्या घाईत सापडतो.

म्हणून माझी विनंती नवख्यांपेक्षा जे तेथे स्थिरावले आहेत त्यांना आहे. ज्यांनी पाच-दहा वर्षे समाजमाध्यमांवर घालवून आपल्या विषयातली जाणती माणसे हेरली आहेत, अशा मराठी शिक्षकांनी, डॉक्टरांनी, शेतीतज्ज्ञांनी, ग्रंथपालांनी आणि महाविद्यालयांच्या विभागांनी आपल्या विषयापुरती दहा-पंधरा नावांची यादी मराठीत प्रसिद्ध करावी, प्रत्येक नावापुढे हा मनुष्य काय लिहितो, कशाचा अधिकारी आहे आणि कोणत्या बाबतीत त्याचे मत सावधपणे घ्यावे हे दोन ओळींत लिहावे, आणि वर्षातून एकदा ती तपासून जी खाती थंडावली किंवा बिघडली ती वगळावी. या कामास पैसा लागत नाही; एका रविवारची दुपार पुरते.